बोक्याचं दुखणं

बोक्याला मी केरसुणीने मारलं होतं. ते आधी सांगते. ते गाळून पुढचं सांगितलं तर मी त्या घरात फार शहाणी होते असं वाटेल, आणि तसं मुळीच नव्हतं.

लढाईची वर्षं होती ती. माझं लग्न झाल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, शिंदे की छावनीत, आमचं बिऱ्हाड होतं आणि घरात माणसं तीनच. माझे यजमान गिरणीत कारकून होते; सकाळी सायकलवर जात आणि दिवेलागणीला परत येत. माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणायची, दरबारच्या घोडदळात, रिसाल्यात, सारी हयात घालवून निवृत्त झालेले. आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्या गेल्या त्या वर्षी हा बोका कुठूनसा आला आणि मामंजींच्या खाटेखाली राहू लागला. पिवळसर, थोराड डोक्याचा, एक कान फाटलेला. मामंजी त्याला कुरवाळत वगैरे नसत. पण जेवताना भाताचा शेवटचा घास दुधात कालवून पानाबाहेर ठेवत, आणि तो खाऊन होईपर्यंत उठत नसत.

वैशाख संपत आला होता. ग्वाल्हेरची लू, तो भाजणारा वारा, ज्यांनी सोसली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. दहाच्या सुमारास दारं-खिडक्या लावायच्या, वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायचं आणि सूर्य कलेपर्यंत अंधारात बसून राहायचं. बोका एरवी परसात जाई, पण दारं बंद म्हणून मी न्हाणीच्या कोपऱ्यात एका फुटक्या पाटीत माती भरून ठेवली होती.

पहिल्या दिवशी तो त्या पाटीत चार-पाच वेळा जाऊन बसला. माती उकरायचा, बसायचा, उठायचा, पुन्हा दुसऱ्या बाजूला उकरायचा. मला वाटलं, गरमीने बेचैन झालाय. दुसऱ्या दिवशी त्याने दूध टाकलं. मला वाटलं, उन्हाने दूध नासलं असेल, त्याला वास आला. मग तो न्हाणीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडून राहिला, तेही मला शहाणपणाचंच वाटलं. गार जागा शोधली बिचाऱ्याने. सारखा स्वतःला चाटत होता. मधूनच घशातून खालच्या सुरात ओरडे, भांडणातल्यासारखा नाही, दळताना जातं अडावं तसा. शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "बहू, बिल्ला बिल्ली माँग रहा है।" मी हसले.

इतकं सगळं मी पाहिलं होतं. एकूण एक गोष्ट डोळ्यांसमोर घडली होती आणि प्रत्येकीला माझ्याकडे वेगळं कारण तयार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेल्या कपड्यांची चळत मी खाटेवर ठेवली आणि वळून बघते तो बोका तिच्यावर बसलेला, शेपूट ताठ, अंग आक्रसलेलं. यजमानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन थेंब पडले. त्यांचा रंगही मी नीट पाहिला नाही. हातात केरसुणी होती, तीच हाणली. "घाण करायला हेच सापडलं का तुला!" म्हणून दोनदा हाणली.

तो पळाला नाही. मांजर मार खाऊन पळत नाही, हे मी पहिल्यांदाच बघितलं. खाटेवरून घसरल्यासारखा खाली उतरला आणि तिथेच कुशीवर पडला.

"मारू नकोस त्याला," मामंजी दारातून म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तो घाण करत नाहीये. त्याला होत नाहीये."

मला अर्थ लागेना. ते खाली बसले. बसायला त्यांना वेळ लागला. एक हात जमिनीला, एक खाटेच्या पायाला. बोक्याच्या पोटाखाली त्यांनी तळवा सरकवला आणि मला म्हणाले, "हात लाव इथे. हळू. दाबू नकोस."

मी बोटं लावली. मागच्या पायांच्या पुढे, पोटात, कच्च्या कैरीसारखं काहीतरी घट्ट लागलं. बोका गुरगुरला आणि माझ्या मनगटाला त्याने दात लावले, पण चावायचं बळ नव्हतं.

"लघवी तुंबलीय. किती दिवस झाले?"

"आज तिसरा. पण मामंजी, मला वाटलं..."

"तांगा बोलाव. टोपली घे, खाली ओलं फडकं घाल."

"घोड्यांना होतं का असं?"

ते उत्तर देता देता थांबले. "होतं," म्हणाले.

त्यांच्या ओळखीचे एक सालोत्री होते, म्हणजे घोड्यांचे वैद्य. रिसाल्याच्या तबेल्यात दोघांनी पंचवीस वर्षं एकत्र काढलेली. आता तेही म्हातारे, नोकरी सुटलेली, पण तबेल्यापलीकडे राहत आणि तांगेवाले आपली जनावरं त्यांच्याकडेच नेत. नऊ वाजून गेले होते. वारा तापायला लागला होता. मांडीवर टोपली, टोपलीत बोका, तोंड उघडं टाकून धापा टाकणारा. त्याच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्ध्यावर आला होता. कान हाताला गार लागत होते. अशा उन्हात गार कान.

अर्ध्या रस्त्यात मामंजींनी तांगा थांबवला. "आलोच," म्हणून एका पडक्या भिंतीमागे गेले. मी थांबले. तांगेवाल्याने बिडी पेटवली, ओढली, विझवली. मामंजी येईनात. बोक्याने पिवळं पाणी ओकलं. मला इतका राग आला त्यांचा की काय सांगू. इथे जीव चाललाय आणि यांना आत्ताच जायचं होतं, आणि जायचं तर जायचं, एवढा वेळ! ते परत आले तेव्हा फेट्याखालून घाम गळत होता आणि चेहरा चुन्यासारखा झालेला. मी विचारलं नाही. रागात होते.

सालोत्रींनी बोक्याला गोणपाटावर घेतलं. त्याच्या हिरड्या पाहिल्या, श्वासाचा वास घेतला, आणि नाक मागे घेतलं. "बहुत देर कर दी, रिसालदार साहब। ज़हर चढ़ गया है।" कोमट पाण्याने शेकत, तेलाच्या बोटाने ते लघवीच्या जागेच्या टोकाशी हळूहळू चोळत राहिले. मी बोक्याचे पुढचे पाय धरले होते. बऱ्याच वेळाने काहीतरी निसटलं, चिमूटभर रेतीसारखं, आणि मागोमाग रक्त मिसळलेली लघवी आली. गोणपाट भिजलं. बोक्याच्या अंगातली ताठरता गेली आणि मी रडायलाच लागले, सुटला म्हणून.

"अभी मत खुश होइए, बेटी," ते म्हणाले. "पानी पिलाइए, थोड़ा-थोड़ा। कल तक पेशाब उतरता रहा और दूध माँगा, तो बच जाएगा।" हात धुताना त्यांनी मामंजींकडे पाठ असतानाच विचारलं, "और आप? जवाखार की पुड़िया अब भी मुझसे ही लेंगे कि किसी डॉक्टर को दिखाएँगे?"

मामंजी म्हणाले, "आप बिल्ले की बात कीजिए।"

"दो साल से कह रहा हूँ। मैं घोड़ों का आदमी हूँ, रिसालदार साहब।"

मामंजी उठून बाहेर तांग्यापाशी जाऊन उभे राहिले. सालोत्रींनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीमागचा तो वेळ, उठताबसता खाटेचा पाया धरणं, भर वैशाखात तांब्यातलं पाणी तसंच राहणं, पहाटे लोटा घेऊन जाणं आणि पुन्हा जाणं आणि पुन्हा जाणं: सगळं मला त्या टोपलीवर फडकं टाकता टाकता दिसलं. बोक्याचं दुखणं त्यांना घोड्यांवरून कळलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी मी बोक्याला कापसाच्या बोळ्याने पाणी पाजत राहिले. थोडं गिळायचा, थोडं ओघळायचं. संध्याकाळी पाटीत गेला, उभा राहिला, आणि पाटीतच आडवा झाला. यजमान आल्यावर त्यांना वाढताना मी सांगितलं. बोक्याचं आधी, मग मामंजींचं. माझी मान खाली होती.

"आबांचं? तुला कोणी सांगितलं हे?"

"सालोत्रींनी विचारलं त्यांना, माझ्यासमोर. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"काय बोलू? आबांना मी हे विचारू? कसं विचारू?" ते चिडले होते, पण माझ्यावर नाही. "आजवर त्यांना डोकं दुखतं का म्हणून विचारलं नाही मी."

ते जेवून उठले. बापाच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आतला दिवा पाहिला, आणि वळले.

बोका दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शेवटी त्याला झटके आले, दोन-तीन, मग मागचे पाय ताणून तो तसाच राहिला. मामंजी शेजारी बसून होते. ऊन उतरल्यावर मागच्या लिंबाखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला. मी कुदळ मागितली, दिली नाही. मध्येच थांबत, कुदळीच्या दांड्यावर कपाळ टेकत, पुन्हा खणत.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते खोलीत येरझारा घालत होते. धोतराच्या निऱ्यांशी एक हात. चहा नको म्हणाले. संडासात गेले, परत आले, पाच मिनिटांत पुन्हा गेले. परत आल्यावर भिंतीला पाठ लावून उभे राहिले, डोळे मिटून. यजमान केव्हाच गिरणीत गेलेले.

मी चहाचा पेला खाली ठेवला. सुनेने सासऱ्यासमोर काय बोलायचं आणि काय नाही, हे मला आईने माहेराहून, जयेंद्रगंजातून, निघताना पढवून पाठवलं होतं. त्यातलं काही त्या वेळी कामाचं नव्हतं.

"मामंजी, पूर्ण बंद झालंय ना?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मान हलवली.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

मी डोक्यावर पदर घेतला आणि तांगा आणायला गल्लीत पळाले. दवाखान्यात डॉक्टरांनी रबरी नळी घातली. दाराबाहेर मला मामंजींचं ओरडणं ऐकू आलं. रिसाल्यातल्या माणसाचा तसला आवाज मी तोवर ऐकला नव्हता. नंतर डॉक्टर बाहेर येऊन माझ्यावरच खेकसले, "घर में किसी ने देखा नहीं? गुर्दे खराब हो चुके हैं।" पुढे आठवडाभराने पोटाला भोक पाडून नळी बाहेर काढली आणि नळीखाली काचेची बाटली बांधून त्यांना घरी पाठवलं.

ती बाटली मी साडेचार महिने रिकामी केली. यजमानांनी पहिल्या दिवशी प्रयत्न केला. त्यांनी तोंड फिरवूनच बाटली सोडवायला घेतली, तेव्हा मामंजींनीच त्यांना बाहेर पाठवलं. सुरुवातीला मी आत गेले की ते भिंतीकडे तोंड करायचे. मग श्रावणात कधीतरी करेनासे झाले, आणि थोडं थोडं बोलायला लागले. माझ्या भावाच्या लग्नाला ते आले नव्हते, माझ्या आईने ते फार मनाला लावून घेतलं होतं. त्याचं कारण तेव्हा कळलं. त्याआधीच्या एका लग्नात पंगतीत त्यांचं धोतर भिजलं होतं. ताक सांडलं म्हणून त्यांनी सावरून नेलं, पण त्यानंतर चार माणसांत बसायचं त्यांनी सोडलं.

एकदा बाटली धुऊन मी परत बांधत होते तेव्हा ते म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय, मामंजी?"

"बोक्याचं. तो पाटीत बसला आणि उठला, तेव्हाच. मी इथून बघत होतो." त्यांना धाप लागली, थांबले. "बोललो असतो तर तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं कळलं. म्हणून दोन दिवस बोललो नाही. तू मारलंस तेव्हा राहवेना."

"दोन दिवस आधी नेलं असतं तरी कदाचित..." मी एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "वाचला असता. माझी समजूत काढू नकोस." आणि पाणी मागितलं. आता ते हवं तेवढं पाणी पीत असत.

आश्विनात पायांवर सूज आली, मग तोंडावर. झोप वाढत गेली. श्वासाला बोक्याच्या तोंडाचा तो वास यायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी सांगण्याआधीच मला समजलं होतं, आणि मी यजमानांना सांगितलं की आता गिरणीतून रजा घ्या. या वेळी त्यांनी विचारलं नाही की तुला कोणी सांगितलं. दिवाळी आठ दिवसांवर असताना मामंजी गेले. यजमान उशाशी बसून होते, बापाचा हात हातात घेऊन. तो हात त्यांनी त्याआधी कधी धरला होता का, मला ठाऊक नाही.

भेटायला माणसं येत होती. रिसाल्यातली, गिरणीतली, माझ्या माहेरची. जो तो विचारायचा, काय झालं होतं. यजमान सांगायचे, "उन्हाळ्यात लू लागली, त्यातून उठलेच नाहीत." माझी आई आतल्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसली. तिनेही तेच विचारलं. मी तिला खरं सांगेन असं मला वाटत होतं.

"लू लागली होती," मी म्हटलं.