काकांचा घरगुती खोडा

आमच्या काकांना विकतची वस्तू म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो. गाय इंजेक्शनला उभी राहत नाही, म्हणून तिला जखडायचा खोडाही त्यांनी घरीच केला. मोडक्या पलंगाच्या लोखंडी कडा, जुन्या फाटकाची कडी आणि मान अडकवायला दोन उभे पाइप. गंजक्या कडा कापताना हात चांगलाच चिरला, पण धनुर्वाताच्या इंजेक्शनचं नाव काढताच स्वारीनं धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी काकूची नर्स बहीण चहाला आली. काकू गोठ्यात जाऊन म्हणाली, "अहो, यानं गाय खरंच जखडेल? मला तर खेळणंच वाटतंय."

झालं! काका तावातावानं आत शिरले आणि पाइपांमधून मान बाहेर काढून गरजले, "ओढ कडी, मग बघ!"

काकूनं कडी ओढली आणि बहिणीला हाक मारली.

काकांनी असा काही थयथयाट केला, की गायसुद्धा बिचकून कोपऱ्यात गेली. कडी मात्र तसूभर सरकली नाही. सुई टोचून झाल्यावर काकूनं त्यांना सोडलं. आता हा माणूस घर डोक्यावर घेणार, म्हणून आम्ही दाराकडे सरकलो.

काका दंड चोळत बाहेर आले, सगळ्यांकडे ऐटीत बघून म्हणाले, "काय? निसटता आलं का मला?"