काळी चारची गाणारी आणि सी पट्टीचा माउथ ऑर्गन

गाणारीचा षड्ज पेटीच्या काळी चारवर असेल आणि चाल काफी रागाच्या अंगाची असेल, तर साथीला कोणत्या पट्टीचा माउथ ऑर्गन घ्यावा? दर्यापूरच्या एका सभागृहात माझ्यासमोर हा प्रश्न होता. उत्तर देणे अवघड नव्हते. ते मान्य करून घेणे मला जमले नाही.

शाळेतून संगीत शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी अकोल्याला जठारपेठेत वाद्यांचे दुकान चालवीत असे. नापिकीची वर्षे होती. गावोगावी जाऊन लोकांना धीर देणारी कलापथके एका संस्थेने उभारली आणि मला संगीताचा सल्लागार नेमले. मात्र वाद्यांची खरेदी माझ्या नेमणुकीपूर्वीच झालेली होती. सगळ्या पथकांना एकसारखे, दहा छिद्रांचे, सी पट्टीचे माउथ ऑर्गन मिळाले होते.

दर्यापूरच्या पथकात शोभाताई गात आणि अंजनगाव सुर्जीचा रफिक माउथ ऑर्गनवर साथ करी. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवीत असे. लग्ने घरच्या घरी उरकू लागली, तसा ऑर्केस्ट्रा बंद पडला. हे पथक सुटले तर वाजवायला त्याला दुसरी जागा नव्हती.

पहिल्याच तालमीत तो म्हणाला, "सर, या बाजात ताईचं गाणं बसूनच नाही राहिलं."

कारण सोपे आहे. सी म्हणजे पेटीवरची पांढरी एक. सी पट्टीच्या बाजात सगळे स्वर शुद्ध असतात. काफीला गंधार आणि निषाद कोमल लागतात. ते हवे असतील तर बाजाच्या 'रे'ला 'सा' मानून वाजवावे लागते. म्हणजे बाजा गाणारीच्या षड्जाहून एक पूर्ण स्वर खालचा हवा. काळी चारला काळी तीनचा, म्हणजे एफ शार्पचा.

प्रकारही चुकला होता. दहा छिद्रांचा बाजा स्वर ओढून वाकवण्याच्या पाश्चात्त्य शैलीसाठी असतो. त्याच्या खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत मुळातच नसतात. आपल्या चालींना ट्रेमोलो बरा. त्यात एका स्वराला दोन पाती असतात, सुरात एकमेकांपासून किंचित सरकवून लावलेली. त्यामुळे सूर थरथरतो आणि मोकळ्या मैदानात लांब जातो. बटण असलेल्या क्रोमॅटिकवर बाराही स्वर मिळतात, पण त्याचा हात वेगळा बसवावा लागतो.

मी दुकानातला एफ शार्पचा ट्रेमोलो रफिकला दिला. दुसऱ्या तालमीत शोभाताईंचा आवाज मोकळा लागला. संस्थेच्या माणसाने ते गाणे टेप करून घेतले.

पथकाची पाहणी ठरली. तिच्या आदल्या दिवशी संस्थेचे कार्यक्रम अधिकारी आले. त्यांनी रफिकच्या हातातला बाजा पाहिला.

"हा आपला नाही."

"पट्टीचा फरक आहे, साहेब," मी म्हणालो.

"कॅटलॉगमध्ये स्पष्ट लिहिलंय, शिकायला सी सर्वांत सोयीचा."

"नवशिक्याला, एकट्याने वाजवताना. इथे गाणाऱ्याचा गळा आधी पाहावा लागतो."

"उद्या वरिष्ठ येणार आहेत. दिलेली वाद्यं दिसली पाहिजेत."

रफिक हसला. "साहेब, सात नंबरची चप्पल सोयीची म्हनून ताईले बी सातच देसान का?"

अधिकारी हसले नाहीत. "गाणं खाली घ्या," ते म्हणाले.

"किती खाली?" शोभाताईंनी मला विचारले.

सी बाजावर काफीचा 'सा' पांढरी दोनवर येतो. काळी चारपासून ती सहा अर्धस्वर खाली आहे. चढायचे म्हटले तरी सहाच.

"मंग मी गाऊ का कन्हू?" त्या म्हणाल्या.

पाहणीच्या दिवशी शोभाताई खालच्या पट्टीत गायल्या. पहिल्या ओळीतच आवाज बसला. मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, "बाई, कायच ऐकू नाही येऊन राहिलं." 'रे'ला 'सा' मानले की बाजाचा धैवत पंचम होतो, आणि खालचा धैवत त्या बाजात नव्हताच, त्यामुळे तिथे आला की रफिक थांबे आणि पुढच्या स्वरावर पुन्हा सुरू करी. वरिष्ठांनी शेरा दिला की माउथ ऑर्गन मराठी गाण्याला योग्य नाही आणि वादक कच्चा आहे. पट्टीविषयी मी लेखी कळवले. उत्तर आले नाही.

रफिकला काढण्यात आले. साथ नसल्याने शोभाताईंनाही बोलावणे बंद झाले. त्यांच्या जागी गावोगावी टेप लावली जाऊ लागली. टेप दुसऱ्या तालमीची होती.

ती अंजनगावच्या बाजारात ऐकून रफिक माझ्या दुकानात आला आणि ट्रेमोलो काउंटरवर ठेवला.

"ठेव तुझ्याजवळ," मी म्हणालो.

"काय करू, सर? टेपमंधी हा बाजा चालते. माह्या हातात नाही चालत."

तो गेला. त्याने पुढे कुठे वाजवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बाजा गळा पाहून निवडावा, मग चाल पाहून, कॅटलॉग सर्वांत शेवटी. माझ्या शब्दावर विसंबू नका. सी पट्टीचा माउथ ऑर्गन घ्या, मधल्या सप्तकातल्या 'रे'ला 'सा' माना आणि सात स्वर चढा. गंधार-निषाद कोमल येतात का ते ऐका. मग घरातल्या गाणाऱ्या बाईला त्या पट्टीत गायला सांगा, आणि स्वतः पडताळून पाहा.