दादाचा फायबरचा पाइप आणि माझं स्थळ

माझ्या सख्ख्या भावाने माझं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. गाडीच्या एका पाइपपायी.

आज पहाटे दादा गेला. सकाळपासून सगळे "देवमाणूस होता" असे मेसेज टाकतायत.

देवमाणूस? ह्या देवमाणसाबरोबर दोन खोल्यांत राहून बघायचं होतं एकदा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरला भटवाडीत आम्ही चौघं. बाबांची गिरणी संपात बंद पडलेली, दादा एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. मालकाने भंगारात काढलेली गाडी ह्याने घरी आणली. वर आई डाळीत पाणी वाढवतेय आणि खाली आमची गाडी उभी!

ती गाडी घाट आला की दम टाकायची. दादाचं निदान तयार. "अगं बेबी, इंजिनाला थंड हवा पोचत नाही. तिला मोठं नाक पाहिजे."

म्हणजे बाहेरची हवा इंजिनात नेणारा जाडसर पाइप. विकतचा परवडणं शक्यच नव्हतं. मग साहेब म्हणाले, घरीच बनवतो. फायबरचा.

कुर्ल्याला एका कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनायच्या. तिथून काचेच्या धाग्यांच्या मॅटचे उरलेले तुकडे आणि डबाभर रेझिन मागून आणलं. रेझिन म्हणजे उग्र वासाचा चिकटा. मॅटवर फासायचा, वाळला की दगडासारखा घट्ट. अख्ख्या मजल्याचं डोकं दुखत होतं त्या वासाने.

आकार यायला ते कशावर तरी गुंडाळून वाळवायला लागतं. पाइपच्या तोंडाला बाहेर वळलेला गोल काठ हवा होता. घरात असा काठ कशाला होता?

आईच्या देवाच्या तांब्याला.

चिकटू नये म्हणून ह्याने तांब्याला वनस्पती तूप चोपडलं. वर मलाच ऐकवतो, "टेक्निक आहे ही."

तांब्या आत अडकला तो अडकलाच.

आई कडाडली, "मेल्या, देवाचो तांब्यो खंय गेलो?"

दादाने पाइप पुढे केला. "हा काय. आहे ना आत."

इथवर मी सहन केलं.

पण त्या रविवारी मला बघायला बोरिवलीहून मंडळी येणार होती. आधीची दोन स्थळं नाही म्हणून गेलेली. हे तिसरं, आणि मुलाचा फोटो मला आवडला होता. आईला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं, ह्या गाढवालाही ठाऊक होतं.

तरी त्याच सकाळी ह्याने दिवाणावर बसून मॅट कापली आणि सँडपेपरने पाइप घासला. का, तर "गॅलरीत बाबा पेपर वाचतायत ना!"

आई ओरडली तेव्हा चादर उलटी करून घातली. झाली सफाई!

मंडळी आली. त्याच दिवाणावर बसली. बाबांनी कौतुकाने पंखा फुल केला.

पोहे संपायच्या आत मुलाच्या वडिलांनी मान खाजवली. मग मुलाच्या आईने कोपर. मग मुलाने दोन्ही हातांनी पाठ. काचेची ती बारीक कुसळं, दिसत नाहीत, नुसती टोचतात. मी नवी साडी नेसून खाली मान घालून बसलेय आणि समोर तिघंही खाजवतायत.

मुलाला, म्हणजे सुधीरला, हसू आवरत नव्हतं. त्याच्या आईला अजिबात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्थळ आणणारे मामा निरोप घेऊन आले. "मुलीला त्वचेचं काही आहे का, विचारतायत. घरात सगळ्यांनाच असणार म्हणतायत."

वाट लागली! ही बोंब आमच्या लोकांत पसरली असती, तर पुढे कोणी उंबरठासुद्धा चढलं नसतं. मी रडले. दादाला तोंडाला येईल ते बोलले.

 

कोणाला न सांगता त्याने पाइप पेपरात गुंडाळला आणि बोरिवली गाठली. पुढचं मला सुधीरने सांगितलं.

दारातच म्हणाला, "काका, खाज ह्याची आहे. माझ्या बहिणीला काही नाही."

सुधीरच्या आईला पटेना. तेव्हा ह्याने बाही वर केली आणि पाइपची खरखरीत कड स्वतःच्या हातावर घासायला लागला. मनगटापासून कोपरापर्यंत. हात लालभडक, वर पुरळ, तरी थांबेना.

"बघा काकी. माझा हात आणि काकांची मान, सेम आहे की नाही?"

"अहो, थांबवा हो त्याला!" त्या माऊलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुधीरचे बाबा म्हणाले, "आधी तो पाइप बाहेर ठेव. मुलगी बघायला आम्ही परत येतो. पण मी लाकडी खुर्चीवर बसणार."

लग्न ठरलं. कानपिळीला दादाने कान पिळल्यावर सुधीरने विचारलं, काय पाहिजे? तर हा भर मांडवात म्हणतो, "रेझिनचा एक डबा." मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

आणि तो पाइप? आत अडकलेल्या तांब्याचा तळ कापून तो आरपार केला, पण बसवल्यावर बॉनेट लागेना, म्हणून ह्याने बॉनेटला भोक पाडलं. घाटात गाडी दम टाकायची ती टाकतच राहिली.

हा किस्सा नेहमी दादाच सांगायचा. प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीला. मी तोंड उघडलं की, "तू थांब गं, तुला नीट सांगता येत नाही." दरवेळी काहीतरी वाढवायचा. एकदा तर गाडीने घाटात बसला ओव्हरटेक केलं! इतक्या वर्षांत मला एकदा पुरा सांगू दिला नाही मेल्याने.

आज सांगितला, दादा. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मधे कोणीच तोडलं नाही.

अजिबात बरं वाटलं नाही रे.

नीट जा. तुझ्या बेबीची श्रद्धांजली, रागावलेली असली तरी मनापासून.