मागच्या सीटवरचं पोतं

"गड्ड्यात घाल! चुकवतो काऊन, मिस्त्री? घाल म्हणतो ना गड्ड्यात!"

धानोऱ्याच्या नाक्यापुढे, भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध उभा राहून हा माणूस ओरडत होता. गाडी त्याचीच, चालवत होतो मी. आणि मागच्या सीटवर, जुन्या लुगड्याने माझ्या कमरेला बांधलेलं, धानाचं पोतं.

आता तुम्हीच सांगा, गाड्या दुरुस्त करण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो खड्डा चुकवणार नाही तर काय? त्यात आमचे खड्डे. एकेका खड्ड्यात म्हैस रवंथ करत बसलेली असते, वरून एसटी निघून जाते, म्हशीला पत्ता नसतो. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

मी घातली गाडी. पोतं उसळलं आणि दाणकन माझ्या पाठीत बसलं.

"हाललं!" तो ओरडला. "पाणी हाललं नाई पाहिजे, मिस्त्री!"

पोत्यात धान होतं. पाणी त्याच्या बायकोच्या अंगात होतं.

वहिनींच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला मशीनवर जायचं, रक्त साफ करून यायचं. मधल्या दिवसांत अंगात पाणी साचायचं, पाय भोपळ्यासारखे व्हायचे. मशीनची वेळ आणि एसटीची वेळ यांचं सात जन्मांचं वैर, म्हणून मोटारसायकल. एक दिवस त्या माझ्या गॅरेजसमोर गाडीवरून उतरल्या आणि दगडावर बसल्या.

"मी नाई येत आता," म्हणाल्या. "मशीन सोसते मले. रस्ता नाई सोसत."

नको असलेला चहा नाकारावा तसं म्हणाल्या. मशीन सोडली की काय होतं, ते त्या दोघांनाही ठाऊक होतं आणि मलाही. हा माणूस धानाच्या बांधीवर, मचाणावरून ओरडला की आमच्या तालुक्यातली रानडुकरं थेट छत्तीसगडात जाऊन श्वास घेत. त्या दिवशी तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि सीट तळहाताने दाबून पाहू लागला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला,

"मिस्त्री, शॉकअप बदल."

ऊर्जानगरच्या एका पोराने भारी मोटारसायकल झाडावर घातली होती. झाड मेलं, पोरगा वाचला, आणि गाडीचे गॅसची डबी असलेले मागचे दोन्ही शॉकअप माझ्याकडे आले होते. ते बसवले. दोन बोटं लांब निघाले, गाडी मागून विंचवासारखी उभी राहिली. वहिनींना चढता येईना, म्हणून त्याने गॅरेजसमोर एक चपटा दगड आणून रोवला. घरी ओट्यावरून चढायचं, इथे दगडावरून, दवाखान्यात पायरीवरून.

पण शॉकअप बसवणं वेगळं आणि जुळवणं वेगळं. स्प्रिंग किती आवळायची, हे मागे वजन किती यावर. "तिले बसवून टेस्ट मारतो काय बे?" तो माझ्यावर खेकसला. मग दवाखान्याच्या काट्यावर भरलं तेवढं वहिनींचं वजन दुकानात धानात तोलून आणलं, पोतं शिवलं, त्यांचंच लुगडं गुंडाळलं. त्या पोत्याला घेऊन मी नाक्यावर इतक्या फेऱ्या मारल्या की मिस्त्री कोणत्या तरी जाड्या बाईला फिरवतो ही बातमी माझ्याआधी माझ्या घरी पोचली. दोन दिवस मला भाजीत मीठ मिळालं नाही.

पहिल्या खेपेनंतर वहिनी म्हणाल्या, "खाली जाते तवा काई नाई. वर फेकते तवा हातातली नस ओढते." ज्या हाताला मशीनच्या सुया लागायच्या तो हात. मग मी खालची घुंडी फिरवून स्प्रिंगचं परत येणं मंद केलं. पुन्हा पोतं, पुन्हा खड्डा, पुन्हा आरडाओरडा. एके दिवशी पोतं हाललं नाही. तो रस्त्यावर फतकल मारून बसला आणि पोत्याकडे पाहून म्हणाला, "चाल, बाई."

त्या मशीनवर गेल्या. पावसाळाभर गेल्या.

स्प्रिंग आवळायचा माझा वाकडा पाना त्याने कमरेला खोचून नेला, तो पुढे त्याच्याच कमरेला राहिला. जाताना पाणी भरलेलं म्हणून स्प्रिंग एक खाच आवळलेली, येताना पाणी काढलेलं म्हणून दवाखान्याच्या फाटकाशी एक खाच सैल.

"दोन-तीन किलोनं शॉकअपले काय फरक पडते, भाऊ? एका टरबुजाएवढं वजन ते!"

"शॉकअपले नाई पडत. तिले पडते."

पण पाण्याच्या आड वहिनी स्वतःही वजनाने उतरत होत्या. परतीच्या वाटेवर तो गॅरेजला थांबायचा, पोत्याचं तोंड सोडायचा आणि त्या दिवशी काट्यावर जेवढं वजन घटलेलं दिसलं असेल तेवढं धान ओंजळीने काढून अंगणात टाकायचा. मग मी पोतं बांधून फेरी मारायचो, तो ओरडायचा, मी खाच उतरवायचो. वहिनी दगडावर बसून आम्हा दोघा येड्यांकडे पाहायच्या. माझ्या कोंबड्या त्या धानावर अशा माजल्या की कुत्री त्यांना वाट सोडत. एकदा एकीने थेट पोत्यालाच चोच मारली तर हा हातात दगड घेऊन धावला. "हाड! तिचं आहे ते!"

दिवाळीनंतर पोतं अर्ध्यावर आलं. उभं राहीना, लुगड्यात मुडपून पडे.

"अजून एक खाच खाली घे."

"भाऊ, खाली खाच नाई."

"घे म्हणतो ना!"

"संपल्या, भाऊ."

त्याने माझ्या हातून पाना घेतला आणि स्वतः लावून पाहिला. सटकला. पुन्हा लावला. पुन्हा सटकला. मागे दगडावरून वहिनी म्हणाल्या, "राहू द्या ना. आता काई लागत नाई मले." मी गाडी पुसायला घेतली. पुसायसारखं काही नव्हतं.

मग ती गाडी नाक्यावरून जायची थांबली. पोतं माझ्या गॅरेजात, लुगड्यासकट, कोपऱ्यात.

पंधरवड्यानंतर तो आला. पायी. पाना फडक्यात गुंडाळून आणला होता, तो माझ्या पेटीवर ठेवला. मी म्हणालो, "जुने शॉकअप ठेवले आहेत, भाऊ. एकट्यासाठी तेच बसवून देतो." त्याने नकारार्थी मान हलवली.

एक कोंबडी कोपऱ्यातल्या पोत्यावर चढून बसली होती. त्याने पाहिलं. हाकललं नाही.

"याचं काय करू, भाऊ?" मी विचारलं.

"कोंबड्यायले टाक."