पितरांच्या वाटणीची चरबी

भाद्रपद वद्य नवमी. हजर: मी, आमचे हे, पुतणी सई आणि वजनकाटा. गैरहजर: महिनाभर अर्धपोटी ठेवूनही यांच्या पोटात न झालेली घट.

कल्पना सईची. ती इथे काशीच्या विद्यापीठात शिकते. "काकू, चरबी म्हणजे नुसतं गोदाम नाही, कचेरी आहे! तिथून हार्मोन्स सुटतात. लेप्टिन मेंदूला कळवतं, साठा भरपूर आहे. कमी खाल्लं की ते उतरतं, अ‍ॅडिपोनेक्टिन चढतं, इन्सुलिन नीट काम करतं. कमी खाणारे उंदीर जास्त जगतात!" ("माणसांचं अजून पक्कं नाही," असंही ती म्हणाली. ते मी सोयीने ऐकलं नाही.)

यांची साखर काठावर. पुढच्या तपासणीत वाढली तर डॉक्टर गोळ्यांवरून सुईवर नेणार होते. आणि काशीत म्हातारं व्हायला माझी हरकत नव्हती. एकटीने व्हायला होती. म्हणून जेवायला दोन फुलके, दुधी, संपलं!

तरी काटा पुढेच.

"काका, सच बताइए, बाहेर खाता?"

"शपथ! मी वाचनालयात असतो."

वाचनालयातून येणाऱ्या माणसाच्या मिशीला साजूक तुपाचा वास? मी थेट मुन्शी घाटाजवळचा कचोरीवाला गाठला.

"माताजी, गुरुजी तो महीने भर से नहीं खाए! कहते हैं, पेट भरा है।"

पेट भरा है? माझ्या दुधीने?

घरी येऊन वाचनालयाची पिशवी उपसली. पुस्तक एकही नाही. आत घडी घातलेलं सोवळं!

त्याच दुपारी मी मागोमाग निघाले. हे अहिल्याबाई घाटाजवळच्या एका धर्मशाळेत शिरले. डोकावले, तर साताऱ्याकडच्या यजमानांच्या घरचं श्राद्ध, आणि ब्राह्मण म्हणून पानावर आमचे हे! पुढे वड्यांची चळत, गव्हल्यांची खीर.

"अहो!"

यांनी ओठांवर बोट ठेवलं. श्राद्धाच्या पानावर मौन असतं म्हणे! घरी दुधी वाढताना हे शास्त्र कुठे जातं?

तेवढ्यात उपाध्ये धावत आले. "वहिनी, देवासारख्या आलात! आज अविधवा नवमी, आणि बोलावलेली सवाष्ण तापाने पडली. बसा."

"मी? छे! मी फक्त संशय घ्यायला आले होते."

यजमानांनी हात जोडले. "ताई, आई सवाष्ण गेली. तिच्या नावाचं पान रिकामं राहील हो."

बसले. काय करणार? वडे झाले. खीर झाली. "आईला खीर फार आवडायची," म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि वाटी पुन्हा भरली. (आईंची आवड दांडगी होती.)

पायऱ्या चढताना मी कडाडले, "महिनाभर हेच? ही तुमची शपथ?"

"काशीत श्राद्धं बारमाही. पण मी कुठे खाल्लं? ते पितरांना पोचतं."

"मग पोट तुमचं का वाढतं?"

"ती हमाली!"

"आणि तुमची साखर? तीही पितरांना पोचते का?"

  जरा वर गेल्यावर हे हळूच म्हणाले, "उद्यापासून उपाध्यांना 'नाही' म्हणून सांगतो. पण एक सांग, तुझ्या त्या उंदरांना कधी आमंत्रणं येतात का गं?"

दारातच सई काटा घेऊन उभी. हे निमूट चढले; काटा पुन्हा पुढे. उपाध्यांना नकार कळवला, तपासणीची वेळ घेतली, दुधी आणला. सगळं त्याच दिवशी उरकलं.

"काकू, अब आप!"

तेवढं एक काम अजून राहिलंय.