फहाहील ते वफ्रा: गेलेल्या बाईंच्या घरगाडीतून

आता कुवेतमध्ये खैरानला जायचं म्हणजे गुळगुळीत रस्ता, वाटेत पेट्रोलपंप आणि पोचल्यावर समुद्राकाठचं शॅले, सुट्टीचं घर. माझी नात मागच्या हिवाळ्यात जाऊन आली आणि फोटो दाखवत म्हणाली, "आजी, यू शुड सी इट." मी म्हटलं, बाई, मी पाहिलंय, तिथं काहीच नव्हतं तेव्हा पाहिलंय. तिनंच हा ब्लॉग उघडून दिला आणि म्हणाली, मग लिही.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कुवेतमध्ये तोवर आपले रुपये चालायचे, ते जाऊन दिनार आले होते. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते आणि परभणीहून फहाहीलला येऊन तर दोनच महिने झाले होते. माझे पती माधवराव तेलकंपनीत ड्राफ्ट्समन होते. खालच्या मजल्यावर इब्राहीमभाईंचं किराणा दुकान. ते रत्नागिरीकडचे, वयानं आमच्यापेक्षा बरेच मोठे, बायकामुलं गावी. मला मराठी बोलायला त्या गल्लीत दुसरं माणूस नव्हतं.

एका सकाळी इब्राहीमभाईंच्या पिकअपमागे एक पांढरी घरगाडी येऊन उभी राहिली. दोन चाकांचा लांबट डबा, त्याला खिडक्या, पडदे, आत दोन बाक, गॅसची शेगडी, हात धुवायचं भांडं. तेलकंपनीच्या अहमदी गावातल्या एका इंग्रज इंजिनीअरची ती होती. त्याची बायको आदल्या उन्हाळ्यात वारली. साहेब मायदेशी निघाला, गाडी मिळेल त्या भावात देऊन गेला.

"वफ्राला तेलाचे कँप आहेत," इब्राहीमभाई म्हणाले. "तिथं साधी काडेपेटी मिळत नाय. ह्याच्यात फिरतं दुकान काढतो. पण आधी ही रेतीत चालते का बघायला पाहिजे. येताय का, वहिनी? तुम्हाला वाळवंट दाखवतो."

माधवरावांना तीन दिवसांची सुट्टी मिळत होती. मी लगेच हो म्हटलं. दोन महिने एका खोलीत बसून मी कंटाळले होते.

फेब्रुवारीत निघालो. त्या बाजूला कोणी जाणार असेल तर हेच दिवस निवडा. उन्हाळ्यात भाजून निघाल आणि डिसेंबरात थंडीनं दात वाजतील. पाण्याची दोन पिंपं घेतली, कारण तिथं पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त होतं. खुबुस रोट्यांची चवड, अंडी, कांदे. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली. इब्राहीमभाईंनी सुके बोंबील आणले. त्यांचा वास आमच्या घरात कधी शिरला नव्हता, पण तक्रार करायची सोय नव्हती, गाडी त्यांची.

शुऐबापर्यंत डांबर होतं. पुढं चाकोऱ्या. रेती आली की उतरून टायरमधली हवा कमी करायची, कडक जमीन आली की पंपानं परत भरायची. डावीकडे समुद्र दिसे न दिसे, उजवीकडे काही नाही. मी मराठवाड्यातली, मला मोकळं रान नवीन नव्हतं. पण आमच्याकडे लांबवर एखादं लिंबाचं झाड असतं, देवळाचा कळस असतो. इथं नजर जायची आणि परतच यायची नाही.

खैरानला खाडी आत शिरलेली होती, पाणी काचेसारखं हिरवं, काठाला शिंपल्यांचा कडक थर. इब्राहीमभाईंनी तिथं गाडी लावली. घरगाडीत एक मेज भिंतीला दुमडून बसवलेलं होतं. ते उघडायची कळ काही आम्हाला सापडली नाही. माधवरावांनी ठोकून पाहिलं, मी ओढून पाहिलं. शेवटी ताटल्या मांडीवर घेऊन जेवलो.

माझ्या वाट्याला जो बाक आला त्याच्या गादीला खळगा पडलेला होता. कोणी तरी वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपलं की पडतो तसा. मी कडेला सरकून झोपायचे आणि जाग यायची तेव्हा त्या खळग्यातच असायचे. पडद्यांना औषधाचा वास होता, फिनेल आणि लवंगेचं तेल मिसळल्यासारखा. मी माधवरावांना काही बोलले नाही. मेलेल्या बाईच्या अंथरुणावर झोपायला नको वाटतं असं सांगितलं असतं तर ते हसले असते.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर दुधाचा वाडगा होता. वर स्वच्छ फडकं झाकलेलं, दूध अजून कोमट. मी चारी दिशांना पाहिलं. माणूस नाही, तंबू नाही, बकरी नाही. अनवाणी पावलं पायरीपर्यंत आली होती आणि परत फिरून शिंपल्यांच्या थरावर नाहीशी झाली होती.

"इब्राहीमभाई, हे काय आहे?"

त्यांनी वाडगा उचलून हुंगला. "उंटिणीचं दूध."

"पण ठेवलं कोणी?"

"जिन्नानं तर नाय ठेवलं. जिन्न फडकं झाकून जात नाय." ते असं म्हणाले खरे, पण चहा करताना खिडकीबाहेर बघत होते. दूध आम्ही प्यायलो. खारट लागतं, सवय नसेल तर थोडंच घ्या.

रिकामा वाडगा धुऊन पायरीवर ठेवला आणि खाडी सोडून पश्चिमेला वफ्राच्या दिशेनं वळलो. ऊन चढलं तशी जमीन हलायला लागली. लांबचे दगड पाण्यावर तरंगताना दिसत. अशात एका उंचवट्यावर दोन काळ्या आकृती उभ्या दिसल्या. बायका असाव्यात. हालचाल नाही, हाक नाही, आमच्याकडे तोंड करून नुसत्या उभ्या. गाडी जवळ गेली तर उंचवटा रिकामा होता.

"मृगजळ," माधवराव म्हणाले.

थोड्या वेळानं तशीच एक आकृती दुसऱ्या बाजूला दिसली. ह्या वेळी त्यांनी काच वर केली.

दुपारी एका काटेरी झुडपाजवळ थांबलो. जागा इब्राहीमभाईंनीच निवडली, जमीन कडक दिसली म्हणून. खाली उतरले तर पायाशी तीन दगडांची जुनी चूल होती, काळी पडलेली. पुरुष दोघं पुढचं चाक बघायला गेले. मी आत पिठलं टाकलं. कांदा परतत होते, आणि मागे कट्ट असा आवाज आला.

वळून पाहिलं तर मेज उघडलेलं होतं. माझ्या बाकावर, त्या खळग्याच्या जागी, काळा पायघोळ अबाया घातलेली एक बाई बसली होती. तोंडावर बुरखा, फक्त डोळे दिसत होते. तिचा हात मेजाखाली होता, जिथं कळ असणार तिथं. दार वाजलं नव्हतं की गाडी हलली नव्हती.

 ती उठली, माझ्या हनुवटीला धरून तिनं माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि कपाळावरच्या लाल टिकलीसकट नीट पाहिला. मग म्हणाली, "मिस?"

मी मान हलवली, नाही म्हणून. तिनं गाडीभर पाहिलं, मागच्या पडद्याआडसुद्धा. परत विचारलं, "मिस?"

मी इब्राहीमभाईंना हाक मारली. ते दाराशी आले, बाई दिसताच तोंड बाजूला करून पायरीवरच बसले, आणि तसेच तिच्याशी बोलले. अरबी मला कळत नव्हती, पण त्यांचा आवाज खाली येत गेलेला कळला.

"वहिनी, ती मेमसाहेब दर वसंतात ही गाडी घेऊन इकडं यायची," ते म्हणाले. "डोळ्यांत औषध घालायची, जखमा बांधायची. नर्स होती म्हणे. खैरानच्या खाडीवर थांबायची, नंतर इथं. ह्याच झुडपाजवळ. लोकांनी काल गाडी बघितली, त्यांना वाटलं ती आली."

"दूध हिनंच ठेवलं होतं का?"

त्यांनी विचारलं. "नाय म्हणते. हिला माहीत पण नाय कोणी ठेवलं." मग म्हणाले, "ती कुठं आहे विचारते. सांगू काय?"

"सांगा," मी म्हटलं. "वाट बघायला लावू नका."

त्यांनी सांगितलं.  बाई मेजावर दोन्ही तळवे टेकून बसून राहिली. पिठलं करपायला लागलं तरी मला शेगडीकडे जावंसं वाटेना. मग ती उठली, पुटपुटत काही म्हणाली, आणि मागे न बघता चालत गेली. "अल्ला तिच्यावर रहम करो म्हणाली," इब्राहीमभाई म्हणाले.

"तुम्हाला ह्या जागा कोणी सांगितल्या होत्या?" माधवरावांनी त्यांना विचारलं.

"कोणी नाय. आईशपथ, कोणी नाय."

खैरानला जुन्या चाकोऱ्या होत्या, त्यांच्यामागून आलो असू. त्या झुडपापाशी चाकोरी नव्हती. माधवरावांनी मुद्दाम फिरून पाहिली.

आता तिथून लवकर निघावं असं तिघांनाही वाटत होतं. वफ्रा रद्द करून उत्तरेला अहमदीकडे वळलो, पण फार लांब गेलो नाही तोच घरगाडीचं चाक रेतीत आसापर्यंत रुतलं. फळ्या घालून, खणून, ती बाहेर काढेपर्यंत दिवस मावळला. तिथंच मुक्काम केला. त्या रात्री मी खळग्यातून बाहेर यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

सकाळी खिडकीबाहेर काहीच नव्हतं. वाळवंटात धुकं पडतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पायरीवर उभं राहिलं तर पुढचा पिकअप दिसत नव्हता. इब्राहीमभाई म्हणाले, धुकं निवळेपर्यंत जागचं हलायचं नाही. आम्ही चहा घेऊन बसलो, आणि धुक्यातून आवाज आला.

"माय... माय..."

लहान पोराचा आवाज, अगदी बारीक. आमच्याकडे परभणीला आईला माय म्हणतात.  ह्या मुलखात, ह्या धुक्यात, माझ्या भाषेत हाक मारणारं कोण असेल?

"लेकरू आईला बोलवायलंय," मी म्हटलं.

"वहिनी, इथं माय म्हणजे पाणी," इब्राहीमभाई म्हणाले. "कोणी तरी पाणी मागतंय."

"बाहेर जाऊ नकोस," माधवराव म्हणाले. "दहा पावलांवर चुकशील."

मी कपडे वाळत घालायची दोरी काढली, एक टोक दाराच्या मुठीला बांधलं, दुसरं कमरेला. आवाज कधी डावीकडून वाटायचा, कधी मागून. दोरी ताणली गेली, तिचा शेवट आला, आणि तिथंच कशाला तरी पाय लागला. कालचीच बाई होती, जमिनीवर बसलेली, मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी. काल ती उठून गेली होती ती पोरीला आणायला, हे नंतर इब्राहीमभाईंकडून कळलं. आमच्या चाकांच्या खुणांमागून तिला पाठीवर घेऊन चालत आली होती, आणि धुक्यात खुणा दिसेनाशा झाल्यावर बसून राहिली होती.

पोरीचं पाऊल काळंनिळं सुजलेलं, काटा रुतून पिकलेलं. अंग तव्यासारखं तापलेलं. आत आणून मी चमच्यानं पाणी पाजलं. बाई माझ्या हाताकडे बघत होती. मी काही करीन अशी वाट बघत होती.

"अहो, मला ह्यातलं काही येत नाही," मी म्हटलं. "हिला अहमदीला न्यायला पाहिजे. आत्ता."

"धुक्यात?" इब्राहीमभाई म्हणाले. "वहिनी, पुढं तेलाचे खड्डे आहेत, उघड्या पाइपलाइनी आहेत. गाडी आपटली तर पोरीसकट आपण सगळे गेलो."

 इब्राहीमभाईंनी बाईला सांगितलं, बहुधा थांबायला पाहिजे म्हणून. तिनं ऐकून घेतलं, मुलगी माझ्या मांडीवर ठेवली, खाली उतरली आणि पिकअपच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. पुढं गेलेल्या पुरुषांना गाडीच्या दिव्यांच्या उजेडात तिची पाठ तेवढी दिसत होती. मग ती चालायला लागली.

इब्राहीमभाई पिकअपमध्ये चढले. "बिस्मिल्ला," म्हणाले आणि गाडी सुरू केली.

मी मागे घरगाडीत होते. खिडकीतून फक्त पांढरं. पुढं काय चाललंय ते माधवरावांनी नंतर सांगितलं. ती वाकून जमीन बघायची, कधी हातानं चाचपायची, कधी एकदम उजवीकडे वळायची. ती वळली तिथं का वळली ते एकदा कळलं, डावीकडे चाकाजवळून तेलाचा काळा खड्डा गेला. गाडी तिच्या पावलाच्या गतीनं चालली होती. पोरगी मधूनच डोळे उघडायची, माझ्या तोंडाकडे बघायची, पाणी मागायची.

मग धुकं केशरी झालं. कुठूनही उजेड येत नव्हता, सगळीकडूनच येत होता. जमिनीखाली कोणी तरी श्वास टाकत असावं तसा घुमणारा आवाज. बुरगानच्या तेलविहिरींवर जळणारा वायू असतो हे मला माहीत होतं, घराच्या गच्चीवरून रोज दिसायचा. तरी मी पोरीला घट्ट धरून डोळे मिटून बसले.

पाइपलाइन लागली, तिच्या कडेनं डांबर लागलं. तिथं बाई थांबली आणि पहिल्यांदा गाडीत बसली. तिच्या टाचांना रक्त आलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर पाय राहिला नसता. दोन बोटं काढावी लागली. मुलगी वाचली. मी जवळजवळ रोज भेटायला जायचे, खिचडी घेऊन. ती खिचडी खायची नाही, डब्याच्या झाकणाशी खेळायची. आई खाटेखाली झोपायची. आम्ही दोघी शेजारी बसून राहायचो, बोलायला एक भाषा नव्हती. एक दिवस गेले तर खाट रिकामी होती. त्यांना घरी सोडलं होतं.

तीन दिवसांच्या प्रवासाला खर्च किती, गाडीला काय लागतं, ते आता आठवत नाही; तुम्हाला उपयोगाचं एवढंच सांगते: पाणी जास्त घ्या, लांब दोरी घ्या, आणि एकच गाडी घेऊन जाऊ नका. घरी आल्यावर मी आठवडाभर पलंगाच्या अगदी कडेला झोपत होते. त्या उन्हाळ्यात अहमदीत रेडक्रॉसच्या बायका मलमपट्टी शिकवायच्या, तिथं जायला लागले. 

पुढच्या वसंतात इब्राहीमभाईंनी घरगाडीत दुकान थाटलं आणि वफ्राला गेले. मला तेव्हा सातवा महिना होता, जाणं शक्य नव्हतं. ते परतले ते सरळ वर आमच्याकडे आले, चहाचा कप हातात घेऊन बसले.

"विक्री झाली का?" मी विचारलं.

"झाली. पण माणसं सामान घ्यायला नव्हती येत. येऊन आत डोकावायची, पडदा सारून बघायची. झुडपाजवळ तर रांगच लागली. सगळी मिसला शोधत होती."

"त्यांना अजून कळलं नाही, ती वारली ते?"

"ते सगळ्यांना ठाऊक आहे, वहिनी." त्यांनी कप खाली ठेवला. "ती नाय. कपाळावर लाल टिकलीवाली मिस कुठं आहे, विचारत होती."