मशीन आणि आक्काचा आकडा

पहिलंच सांगून ठेवतो, मी आयुष्यात जितकी निलगिरी पाडली तितकी ती जिथून आली त्या देशातही उगवली नसेल. आमच्या घरचे म्हणतात, याच्या बोलण्याला चाराने भागावं. भागा. तरी जे उरेल ते पुणतांब्यापासून नगरपर्यंत आडवं मांडलं, तर पायाला माती न लागता चालत येता येईल.

धंदा साधा आहे. कुणी बांधावर, कुणी पडीक तुकड्यात निलगिरी लावलेली असते. ती उभी असतानाच मी विकत घेतो, पाडतो, साल काढून गाडीत भरतो आणि कागदासाठी लाकूड घेणाऱ्या वखारीला देतो. वखारीची अट एकच, लाकूड सोललेलं पाहिजे. साल राहिलेला ओंडका वीटभट्टीवर जातो, जळायला. आणि भट्टीवाला जो भाव सांगतो तो ऐकून पडलेल्या झाडाने लाजेने पुन्हा उभं राहावं.

माझं राहणं सावेडीत, तिसऱ्या मजल्यावर, पण बूड म्हणाल तर कुठेच टेकत नाही. बायको म्हणते, जेवतानाही याचा एक पाय चपलेत असतो. पुढचा सगळा घोळ त्या पायानेच केला.

आमच्या टोळीची मुकादम म्हणजे आक्का. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, उंचीने माझ्या खांद्याला, आणि आवाज असा की गोदावरीच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या काठावरचं जनावर मान वर करतं. तिच्या हाताखाली साल सोलणाऱ्या सात बाया आणि पेट्रोलचा कटर चालवणारे दोन गडी. रोज सकाळी ती प्लॉटात शिरायची, एखाद्या बुंध्यात कोयत्याचं टोक घालून सालीचा कपटा उचलायची, तो बोटांत चुरायची, आभाळाकडे बघायची आणि आकडा सांगायची. "आज चाळीस." ऊन कडक असलं की तीस. ढगाळ असलं की पन्नास. गडी तेवढीच झाडं पाडायचे आणि दुपारी बांधावर आडवे व्हायचे. बाया मात्र संध्याकाळपर्यंत सोलत असायच्या. शेवटच्या ओंडक्याची साल निघाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

त्या गड्यांचं घोरणं मला कटरच्या आवाजापेक्षा मोठं वाटायचं. कटर पेट्रोलवर चालायचा, घोरणं माझ्या रोजावर. एकदा न राहवून मी आक्काला विचारलं की दिवस हातात असताना आणखी वीस का पाडत नाहीत? तिने कोयता खाली ठेवला आणि अगदी गंभीर होऊन सांगितलं,

"पडलेल्या झाडाला अंगावरच्या कापडात रात काडू देऊ नये, भाऊ. शाप लागतो."

मी तसा धीट माणूस. बिबट्याला एकदा नुसत्या शिवीवर पळवलाय. पण शापाबिपाचं नाव निघालं की माझी जीभ टाळूला चिकटते. पुढची कित्येक वर्षं मी तो विषय काढला नाही.

मग मोबाईलवर तो व्हिडिओ आला.

कुठल्या तरी थंड देशातलं मशीन. उभ्या झाडाला मिठी मारतं, बुडातून कापतं, आडवं करतं, तुकडे करतं आणि पुढच्या झाडाकडे वळतं. माझी तंबाखू मळून व्हायच्या आत सहा झाडं गेली. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की मोबाईल गरम होऊन बायकोने त्यावर पापड भाजला असता. त्या आठवड्यात मी कुठेही बसलो की माझा पाय हलायचा, आणि पायाबरोबर पलंग, आणि पलंगाबरोबर खालच्या मजल्यावरच्यांचा पंखा.

चौकशी करता करता नागापूरच्या एमआयडीसीत एक कारागीर सापडला. त्याने जुन्या पोकलेनची बादली काढून तिथे स्वतः बनवलेला पंजा आणि करवत बसवली होती. साल सोलायची सोय मात्र त्यात नव्हती. "पाडतंय आणि तुकडे करतंय, आणखी काय पाहिजे," तो म्हणाला, आणि मलाही ते पटलं. भाडं तासावर. मीटर चालू असेल तोवर भाडं, मग मशीन झाड कापत असो, सरकत असो किंवा नुसतं धुरकत उभं असो. मी लग्नाच्या एका पत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. दोन गडी दिवसभरात जेवढं पाडतात तेवढं हे पठ्ठं न्याहारीपर्यंत पाडणार. नवरा-नवरीच्या नावांखाली माझा नफा असा काही झळकत होता की त्या लग्नाला मी तिप्पट आहेर केला.

पुणतांब्यात एका निवृत्त गुरुजींचा नदीकडेचा मोठा प्लॉट मी घेतला होता. त्यांना तिथे ऊस लावायचा होता, म्हणून रान लवकर मोकळं हवं होतं. आक्काच्या हाताने महिनाभराचं काम. मी आक्काकडे गेलो आणि टेचात सांगितलं की आता पाडायचं काम मशीन करेल, बायांनी सहा दिवसांनी यावं आणि निवांत सोलत बसावं. तोवर घरी आराम करा.

"आराम कुनाच्या रोजावर?" तिने विचारलं.

मी हसलो. असे प्रश्न हसण्यावारी नेता येतात असं मला तेव्हा वाटायचं. ती एवढंच म्हणाली की पाडलेली झाडं रात्रीची तशीच पडून राहू देऊ नकोस. मी पुन्हा हसलो. दुसऱ्या दिवशी ती टोळी घेऊन गावाच्या पलीकडे कांदा काढायला गेली.

मशीन आलं. ऑपरेटर पन्नाशीचा, काळा चष्मा लावलेला, बोलायला महाग. पहिल्या दिवशी मी मोबाईलवर घड्याळ लावून बांधावर उभा होतो आणि झाडागणिक ओरडत होतो. अख्खं पुणतांबं बघायला लोटलं. झाडं इतक्या वेगाने पडत होती की कावळे घरट्याकडे परत यायचे, रिकामं आभाळ बघायचे आणि आपणच चुकलो असं समजून पुढच्या गावाला जायचे. बारीक झाडांना मात्र मशीन तेवढाच वेळ घ्यायचं जेवढा जाडांना. पंजा तोच, वळसा तोच, आणि हाती काय तर पायलीत चार दाणे. हे मला दिसत होतं, पण त्या दिवशी मला दिसलेलं पटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पंजाचा एक होज पाइप फुटला. तोवर प्लॉटाचे चारातले तीन भाग आडवे झाले होते. नदीकडचा एक भाग तेवढा उभा राहिला. नागापूरहून नवा पाइप यायला दोन दिवस लागणार होते, तर म्हटलं, हरकत नाही, तोवर थोडं सोलून बघू.

एका ओंडक्यावर बसलो, कुऱ्हाडीच्या पाठीने साल ठोकली, टोक धरलं आणि ओढलं. आक्काच्या बाया ओढायच्या तेव्हा वावभर, दोन्ही हात पसरावेत एवढी लांब पट्टी सर्रकन निघायची. माझ्या हातात नखाएवढा तुकडा आला. पुन्हा ठोकली, पुन्हा नखाएवढा. ऑपरेटरला बोलावलं. त्याने चष्मा काढला, ओढून बघितलं आणि चष्मा परत लावला. मग मी अशी ताकद लावली की साल हलली नाही, पण ओंडक्यासकट मीच तीन हात पुढे घसरलो.

दुपारचं ऊन त्या रानात पसरलेल्या लाकडावर पडत होतं आणि मला ते ऐकू येत होतं. खरंच सांगतो, वाळत्या लाकडाचा बारीक कडकड आवाज येतो. वखारीत वजनावर भाव, म्हणजे ओल उडत होती ती माझ्या खिशातून. प्लॉटाभोवती मी इतक्या फेऱ्या मारल्या की तिथे बैलगाडीच्या चाकोरीएवढी वाट पडली, आणि एक कुत्रं ती आपल्यासाठीच केली असं समजून तिच्यावरून चालू लागलं. गुरुजी रोज सकाळी किटलीत चहा घेऊन यायचे, मला कप द्यायचे आणि हलक्या आवाजात विचारायचे, "मग, कधी?" त्यांनी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

पाइप बसला तरी मी उरलेली झाडं पाडू देईना. पाडून काय करू? मशीन उभं, ऑपरेटर आत गार हवेत बसलेला, आणि मीटर चालू. बंद कर म्हटलं तर म्हणाला की आत उकडतं.

आसपासच्या दोन गावांतून मजूर बघितले. मोठ्या मिनतवारीने चार माणसं आणली. त्यांनी दुपारपर्यंत सोलून बघितलं, हाताला फोड आले ते मला दाखवले आणि निघून गेले. तेव्हा मला कळलं की माझ्या धंद्यात निलगिरी कुणालाही मिळते, मशीन भाड्याने मिळतं, आक्काची टोळी मात्र कुठे मिळत नाही. आणि तिला मीच घरी बसवलं होतं.

सहाव्या दिवशी मी कांद्याच्या वावरात गेलो. पेढ्यांचा पुडा नेला होता. आक्का आणि बाया पात कापत ओळीने बसल्या होत्या. तिने पुडा घेतला, बाजूला ठेवला आणि माझ्या हातात विळा दिला. म्हणाली, बोलायचं तर पात कापत बोल, दुसऱ्याच्या रोजावर बसलोय आमी. मी उकिडवा बसलो.

"आक्का, साल निघत नाही."

"निघंल कशी. किती राती काडल्या झाडानं कापडात?"

"दोन."

बाया खुदकन हसल्या. आक्काने माझ्याकडे न बघता सांगितलं, "सहा दिस झाले मशीन यिऊन. साऱ्या गावानं आवाज ऐकलाय."

मी मान खाली घातली आणि विचारलं की शाप उतरवायला काय करावं लागेल, नारळ की कोंबडं? आता मात्र ती थांबली. विळा मांडीवर ठेवून तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं शिक्षक मागच्या बाकावरच्याकडे बघतात.

"शाप कुटला आलाय, भाऊ? आत रस असतो. वला हाय तवर साल सुटती. वाळला की धरून बसती. येवढंच हाय ते."

"मग इतकी वर्षं शापाचं का सांगितलंस?"

"कारन सांगितलं असतं तर तू दुपारपतुर वाद घातला असतास. देवाधर्माचं म्हनलं की तू गप बसतुस."

आयुष्यभर मी लोकांना थापा मारत आलो. सख्ख्या सासऱ्याला मी पोहत गोदावरीचा पूर ओलांडल्याचं पटवलंय. आणि या बाईने एका वाक्यात मला वर्षानुवर्षं गप्प ठेवलं होतं. मला राग यायला हवा होता. आला तो आदर. कांद्यामुळे डोळ्यांत पाणी होतंच, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

मी म्हटलं, चल, उद्यापासून ये. ती म्हणाली की राहात्याच्या एका ठेकेदाराने टोळीला वर्षभरासाठी बोलावलंय. मी विचारलं, त्याच्याकडे काय आहे? मशीन आहे का?

"मशीन न्हाई," आक्का म्हणाली. "पन तोंडबी न्हाई."

पुन्हा हशा. मी एक अख्खा वाफा पात कापून काढली. दुसऱ्या वाफ्याच्या मध्यावर ती बोलली.

"आकडा माझा. मशीनलाबी मीच सांगनार."

"कबूल."

"अन् आमी बसलो तर बसल्याचा रोज."

इथे माझ्यातला ठेकेदार जागा झाला. बसल्याचा रोज कुठे असतो का, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"मशीन बसलंय तिकडं," ती म्हणाली, "त्याला देतुस का न्हाई?"

उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं. वाफ्यातली उरलेली पात कापून काढली. मग म्हटलं, कबूल.

कांदा उरकून तिसऱ्या दिवशी टोळी आली. आक्काने आधी पडलेल्या लाकडातून फेरी मारली, जाड बुडख्यांना कोयता लावून बघितला. जाडांत अजून ओल होती, ते ओंडके कष्टाने का होईना सोलता येतील. मधलं आणि शेंडे भट्टीला. मी नको त्या वेळी बोलणार होतो, पण तिने हात वर केला. माझ्या पत्रिकेवरचा नफा त्या हाताच्या सावलीत मावेल एवढाच उरला.

मग ती नदीकडच्या उभ्या झाडांपाशी गेली. सालीचा कपटा चुरला, आभाळ बघितलं, आणि मशीनकडे तोंड करून ओरडली, "जाड तेवडी. पस्तीस." बारीक झाडं तिने कटरवाल्या गड्यांना दिली. ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं. मी गुरुजींच्या किटलीकडे बघितलं. त्याने पस्तीस पाडली, तासाभरात, आणि खाली उतरून किल्ली आक्काच्या हातात दिली. का दिली ते त्यालाही सांगता आलं नाही. मीटर बंद. संध्याकाळी सगळं पांढरंशुभ्र सोललेलं लाकूड गाडीत चढलं आणि बाया नेहमीपेक्षा लवकर मोकळ्या झाल्या.

आठ दिवसांत रान मोकळं झालं. गुरुजींनी "मग, कधी?" विचारायचं सोडलं आणि चहाही आणायचा सोडला. आता चहाच्या टपरीवर कुणी विचारलं तर मी सांगतो की थोडा वेळ मशीन आणि बाकीचा दिवस कोयता ही पद्धत मीच शोधून काढली, नाशिकपासून सोलापूरपर्यंत लोक ती बघायला येतात. आक्का शेजारी उभी असली तर फक्त नगरपर्यंत येतात.

त्या प्लॉटावरच्या शेवटच्या दिवशी दिवस मावळायला आला तरी मी ऑपरेटरला बिबट्याची गोष्ट सांगत होतो. ती रंगात आलेली असताना आक्का आली. ज्या ओंडक्यावर मी टेकलो होतो तो तेवढा सोलायचा राहिला होता, माझ्याच बुडाखाली असल्याने. तिने कोयता माझ्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि बायांना घेऊन रस्त्याला लागली.

ऑपरेटर म्हणाला, "राहू द्या की एक."

मी कोयत्याने सालीचं टोक उचललं, धरलं आणि ओढलं. ओली साल सर्रकन वावभर सुटून आली.